कोठा, आखर आणि गायकी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

धंतोली म्हटले की बाहेरगावच्या माणसाला आज दवाखाने आठवतात. विदर्भातून, मध्य प्रदेशातून, तेलंगणातून माणसे तपासणीचे कागद सांभाळत इथे येतात, आणि संध्याकाळी या भागात गाडी उभी करायला जागा मिळत नाही. पण याच धंतोलीत, वर्धा मार्गाच्या अंगाला, गोरक्षण सभेची गोशाळा आहे. भोवती शहर वाढले, बंगल्यांचे फ्लॅट झाले, तरी आत गायी आहेत, गव्हाणी आहेत, शेण आहे. सणावाराला माणसे चारा आणि गूळ घेऊन जातात, गाईच्या पाठीवरून हात फिरवतात आणि परत येतात.

अशा संस्था देशभर निघाल्या त्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. स्वामी दयानंद सरस्वतींचे ‘गोकरुणानिधि’ १८८१ चे. त्यानंतर गावोगाव गोरक्षिणी सभा स्थापन झाल्या. त्या चळवळीला भक्तीची बाजू होती तशी भांडणाचीही होती. १८९३ साली उत्तर हिंदुस्थानात आणि मुंबईत दंगे झाले, हेही त्याच इतिहासात येते. तो इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. मला आज विचारायचे आहे ते साधे आहे. शहरात गाय ठेवायला संस्था लागते. मग खेड्यात, संस्था नसताना, गाय-बैल कोण ठेवत होते? आपण चटकन म्हणतो, शेतकरी. हे उत्तर अर्धेच खरे आहे.

आधी घरापासून सुरुवात करू. पश्चिम महाराष्ट्रात ज्याला गोठा म्हणतात, त्याला आपल्याकडे कोठा म्हणतात. खाऊनपिऊन सुखी शेतकऱ्याचा कोठा म्हणजे सागवानी खांब, बांबूची शाकारणी, वर कवेलू आणि मातीच्या भिंती. गरिबाचा कोठा म्हणजे पऱ्हाटीचा नाहीतर तुराटीचा कूड, त्यावर शेणमातीचा लेप. कपाशी वेचून झाली की उरलेल्या काटक्या म्हणजे पऱ्हाटी, तुरीच्या शेंगा झोडून उरतात त्या तुराट्या. पिकाचे दाणे बाजारात गेले तरी पिकाचे हाडूक घरीच राहत असे आणि त्याचेच जनावराला घर होई. पूर्वेकडे, भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यात, तणसाचे छप्पर असे. एका बाजूला लांब गव्हाण, तिच्यासमोर ओळीने खुंटे, खुंट्याला दावे. कोणत्या खुंट्याला कोण, हे ठरलेले. जोडीतला डाव्या अंगाचा बैल आणि उजव्या अंगाचा बैल जसे नांगराला जुंपत, तसेच कोठ्यातही शेजारी बांधत. जागा बदलली तर बैल रात्रभर अस्वस्थ राहतो असे जुने लोक सांगत. आपल्याकडची नागपुरी म्हैस तर लांब, तलवारीसारख्या मागे वळलेल्या शिंगांची. तिला जरा सुटीच जागा लागे, नाहीतर शेजारणीला इजा.

आयर्लंडच्या पश्चिम भागात गरीब शेतकऱ्याचे घर म्हणजे एकच लांबट खोली असे. एका टोकाला चूल आणि माणसे, दुसऱ्या टोकाला गायी, मध्ये सांडपाण्याचा चर. थंडी आणि पाऊस इतका की गाईच्या अंगाची ऊबसुद्धा घराला हवी असे. आपल्याकडे ऊब हा प्रश्न नव्हता. इथे उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. म्हणून आपला कोठा दोन अंगांनी मोकळा, वारा खेळेल असा. आणि उन्हाळ्यात तर जनावर अंगणातल्या नाहीतर शेतातल्या मांडवाखाली. बंदिस्त भिंत लागे ती पावसाची झड, चोर आणि जंगलाकाठच्या गावांत वाघ-बिबट यांच्यासाठी. एकाच छपराखाली राहणे मात्र दोन्हीकडे होते. फरक एवढाच की आपल्या कोठ्यात झोपणारा माणूस बहुधा घरधनी नसे.

तो असे सालदार. गुढीपाडव्याला साल ठरे. वर्षाचे धान्य, थोडी रोकड, कपडा, चपलेचा जोड. पाडव्यापासून पाडव्यापर्यंत तो मालकाचा. बैलांना पहाटे वैरण टाकायची, पाणी दाखवायचे, औत जुंपायचे, संध्याकाळी अंग पुसायचे, आणि रात्री कोठ्यातच खाट टाकून झोपायचे. रात्री दोनला उठून बैलांपुढे कडबा सरकवणारा माणूस तो. बैल रात्री खातो, दिवसा राबतो; त्याला रात्रभर थोडे थोडे द्यावे लागते. एकदम भारा टाकला तर तो निवडून खातो आणि बाकीचे तुडवतो. काटोलकडे माझे आजोळ होते, तिथल्या कोठ्यात खाटेच्या उशाशी भिंतीत एक कोनाडा होता. त्यात चिमणी, तंबाखूची डबी आणि गोचिडे काढायचा लहान चिमटा. मालकाच्या माडीवर काय होते ते मला आज आठवत नाही, तो कोनाडा आठवतो.

सकाळी बायांचे काम सुरू होई. शेणाचे पो उचलायचे, मूत मुरलेली जागा खरडायची, कोरडी माती पसरायची, शेण टोपल्यातून उकंड्यावर न्यायचे, गवऱ्या थापायच्या. तीस जनावरांचा कोठा म्हणजे दोन बायांचा सकाळचा सगळा वेळ. ‘बैल पाळले’ असे म्हणताना हे काम आपण धरतच नाही.

या खरडलेल्या मातीबद्दल थोडे सांगायला हवे. सिमेंटचा कोबा आला तेव्हा मातीचा कोठा मागासलेला ठरला. पण अल्बर्ट हॉवर्ड हा इंग्रज शास्त्रज्ञ १९२४ ते १९३१ इंदूरला होता, त्याने उलटे सांगितले. जनावराखालची जमीन मातीचीच ठेवा, तिच्यात मूत्र मुरू द्या, ठरावीक काळाने ती खणून काढा आणि काडीकचऱ्याबरोबर थर लावून खत करा. ‘इंदूर पद्धत’ म्हणून जगभर गेली ती हीच. १९३१ साली त्यावर त्याने पुस्तक लिहिले त्यात सहलेखक होते यशवंत वाड. पुढे आपल्याच यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांनी जाळीदार विटांच्या टाक्याची पद्धत काढली. त्यांच्या नावाच्या अक्षरांवरून तिला ‘नाडेप’ म्हणतात. थोड्या शेणात पुष्कळ खत, हा तिचा विशेष. ‘थोड्या शेणात’ हे शब्द लक्षात ठेवा, कारण त्या वेळेपर्यंत कोठे रिकामे होऊ लागले होते.

जनावर खात काय होते? पश्चिमेकडे ज्वारीचा कडबा, पूर्वेकडे धानाचे तणस. हरभरा, तूर, गहू यांचा भुसा म्हणजे कुटार. हरभऱ्याचे कुटार बैलाला मोठे गोड. कडबा गंजी लावून बाहेर राही, कुटार मात्र आत, कोरड्यात. शिवाय काम जड असेल त्या दिवसांत भिजवलेली सरकी आणि ढेप. सरकी म्हणजे कपाशीचे बी, तिच्यात तेल असते आणि बैलाच्या अंगावर तुकतुकी येते.

इथे एक मोठा बदल शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी होऊन गेला. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस बंद पडला आणि इंग्रजांचे डोळे वऱ्हाड-हिंगणघाटच्या कापसाकडे लागले. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली. १ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. त्याआधी कापूस घरोघरी चरखीवर पिंजला-रेचला जाई आणि सरकी घरातच राही, म्हणजे बैलापुढे येई. जिनिंगचे कारखाने निघाल्यावर बोंडातला कापूस सरकीसकट गाडीत भरून गावाबाहेर जाऊ लागला. तोच बैल ती गाडी ओढून नेई. पुढे त्याच सरकीची ढेप शेतकरी पैसे मोजून विकत आणू लागला. कापसाखाली जमीन वाढली तशी ज्वारी कमी झाली आणि कडबाही घटला. आपण कापसाच्या भावाचा इतिहास लिहितो, पण बैलाच्या गव्हाणीत त्या भावाने काय केले ते कोणी फारसे लिहीत नाही.

बैल मात्र उत्तम होते. वर्ध्याच्या आर्वी-कारंजा भागातली गवळाऊ जात घ्या. पांढरी, हलक्या अंगाची, पायाने चलाख. दमणीला जुंपली तर घोड्याला हात टेकवील. मराठ्यांच्या काळी डोंगरवाटांनी जलद वाहतुकीला हीच जनावरे लागत. आजही कारंजा (घाडगे) तालुक्यात हेटीकुंडीला या जातीसाठी सरकारी पैदास केंद्र आहे. शंकरपटाच्या शौकिनांना मी वेगळे सांगायला नको. २०१४ साली न्यायालयाने पट बंद केले, २०२३ साली घटनापीठाने कायद्याच्या चौकटीत ते मान्य केले. मधल्या काळात पटाच्या बैलाला बदाम चारणाऱ्यांचे डोळे पाणावले होते. पण पटाचा बैल गावात एखाद्याकडे असतो. माझे बोलणे नांगराच्या बैलाविषयी आहे.

त्याचा सण पोळा. आदल्या दिवशी खांदशेकणी असते. गरम पाण्याने, तुपाने, हळदीने बैलाचे खांदे चोळायचे. याला आपण विधी म्हणतो, पण पावसाळाभर डवरणी-वखरणी करून जुवाने सोललेल्या खांद्यावर दुसरे काय करायचे असते? पोळ्याच्या दिवशी बैलाला जू नाही. झडत्या झाल्या, तोरण तुटले की बैल दारोदार नेतात आणि नेणाऱ्या गड्याला बोजारा मिळतो. वर्षातून एक दिवस बैलाबरोबर गड्याचीही ओवाळणी. दुसऱ्या दिवशी पोरांचा तान्हा पोळा, लाकडी बैलांचा. तो दुसऱ्या रघुजी राजे भोसल्यांनी १८०६ साली सुरू केला असे नागपुरात सांगतात. धंतोलीतल्या गल्ल्यांतही चाके लावलेले लाकडी नंदी निघतात. खरा बैल पाहिलेला नाही अशी मुले ते ओढत असतात, आणि त्यांचे काही चुकत नाही.

पण कौतुकाच्या भरात एवढेही बोलायला हवे की जुनी निगा सगळी मायेची नव्हती. गोऱ्ह्याचा बैल करताना त्याला पाडून, बांधून, बडवत. पुढे बर्डिझोचा चिमटा आला तेव्हा ते हाल थांबले. वेसण टोचणे, आजारावर लाल सळईने डागणे, तुतारीच्या आरीने पुठ्ठ्याला भोके पाडणे हे रोजचे होते. तुतारी म्हणजे फुंकायची नव्हे. आमच्याकडे बैल हाकायच्या टोकदार काठीला तुतारी म्हणतात. जखमेत किडे पडले तर सीताफळाचा पाला वाटून भरत, तो उपाय गुणकारी. संध्याकाळी कोठ्यात कडुनिंबाच्या पाल्याचा धूर करत, त्याने डास-चिलटे कमी होत. पण साथीपुढे हे काही चालत नसे. खुरकतीने बैल लंगडा होई, घटसर्पाने एका रात्रीत मरे, आणि बुळकांडी आली की कोठाच्या कोठा ओस पडे.

बुळकांडी गावात आली की मातामायची पूजा होई, वेशीवर तोरण बांधून त्याखालून गुरे नेत, काही दिवस बाहेरचे जनावर गावात येऊ देत नसत. शेवटची गोष्ट आजचा पशुवैद्यही सांगेल. सरकारने १८८९ साली पुण्यात जंतुशास्त्राची प्रयोगशाळा काढली, १८९३ साली ती हिमालयात मुक्तेश्वरला नेली, कारण साथीचे जंतू वस्तीपासून दूर हवे होते. १८९७ साली रॉबर्ट कॉख स्वतः तिथे जाऊन आला. स्वातंत्र्यानंतर १९५४ पासून देशभर बुळकांडी निर्मूलनाची मोहीम चालली. गावोगावी ढोरांचे दवाखाने झाले. नागपुरात १९५८ साली पशुवैद्यकीय महाविद्यालय निघाले, पुढे २००० साली पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठही इथेच आले. २०११ साली बुळकांडी जगातून नाहीशी झाल्याची घोषणा झाली. माणसाच्या देवीनंतर संपूर्ण नाहीसा झालेला हा दुसराच रोग. या विजयाची आपल्याकडे पोळ्याला आठवण निघायला हरकत नव्हती, पण ती निघत नाही.

इथवर रात्र आणि घर झाले. आता दिवस.

तीस-चाळीस जनावरे असलेला मालकही दिवसभर सगळी बांधून ठेवत नसे. कामाचे बैल शेतात. गायी, म्हशी, वासरे, भाकड, म्हातारी ही सकाळी सोडायची. गल्लीगल्लीतून ती निघत आणि गावाच्या कडेला आखरावर गोळा होत. आखर म्हणजे गावाच्या सगळ्या गुरांची जमायची मोकळी जागा, बहुधा एखाद्या मोठ्या झाडाखाली, पाण्याजवळ. तिथे गायकी उभा. हातात काठी, खांद्यावर घोंगडे, कमरेला भाकरीचे फडके. शंभर-दीडशे जनावरे तो एकटा, फार तर एका पोराला घेऊन, दिवसभर राखणार. कोणती गाय गाभण, कोणती कोणाच्या पऱ्हाटीत शिरते, कोणत्या वासराला आईपासून दूर ठेवायचे, कुठे पाणवठा आटला, हे सगळे त्याच्या डोक्यात. रानात गाय व्याली तर वासरू खांद्यावर टाकून तो दिवेलागणीला मालकाच्या दारी आणून देई. वर्षाकाठी दर जनावरामागे ठरलेले धान्य, हा त्याचा मेहनताना.

हे काम नागपूर, वर्धा, भंडारा, चंद्रपूर भागात पिढ्यान्पिढ्या मुख्यतः गोवारी समाजाने केले. दिवाळीच्या पाडव्याला गायगोधनाचा मान त्यांचा. त्या दिवशी ढाल निघे, बासरी आणि डफ वाजे, गुरांना रंग लावून आखरावर नेत. गावाच्या कोठ्यांत रात्री जी जनावरे मालकाची असत, ती दिवसा त्यांची असत. पण त्यांच्या स्वतःच्या घरी जनावर असेलच असे नव्हे, आणि जमीन तर क्वचितच.

गायकी गुरे नेई कुठे? चराईच्या रानात. नागपूर प्रांतात मालगुजारी होती. गावाचा मालक मालगुजार. पण गावकऱ्यांनी जळण, गवत, चराई कुठे व किती घ्यायची याचे रिवाज ‘वाजिब-उल-अर्ज’ नावाच्या कागदात नोंदलेले असत. वऱ्हाडात रयतवारी, तिथे चराईच्या पडीक जमिनीला आजही ‘ई-क्लास’ म्हणतात. आणि आपल्या पूर्व विदर्भात ‘झुडपी जंगल’. नाव जंगल, पण उभे जंगल नव्हे. झुडपे, गवत, मुरूम. शेतीला अपुरे, गुरांना पुरेसे.

हे रान दोन्ही बाजूंनी आवळत गेले. १८७१ चा गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा आला आणि गावोगावी कोंडवाडे उभे राहिले. दुसऱ्याच्या पिकात शिरलेले जनावर कोंडायचे आणि दंड भरून सोडवायचे. कोंडवाडा पिकाच्या रक्षणाला हवाच होता, पण दंड भरायला पैसे नसले की गरिबाची गाय लिलावात जाई. १८७८ च्या कायद्याने सरकारी जंगले बांधली गेली. जोतीराव फुल्यांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगल खात्यावर जो राग काढला आहे तो गुरांच्या चराईवरूनच. मग १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ पाठोपाठ आले, त्यांत मध्य प्रांतात माणसे मेली तशी गुरेही मेली.

१९५१ साली मालगुजारी गेली. ते व्हायलाच हवे होते. रिवाज पुढे निस्तारपत्रकात आले. पण गावाची लोकसंख्या वाढली, झुडप्यावर शाळा झाल्या, दवाखाने झाले, वस्त्या झाल्या, पुष्कळ जागी अतिक्रमणेही झाली. १९८० च्या वनसंवर्धन कायद्यानंतर ही जमीन वन की महसूल, असा वाद उभा राहिला. २२ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने झुडपी जंगल हे वनच समजावे असा निर्णय दिला. १९९६ पूर्वीच्या वाटपांना ठरावीक प्रक्रियेने संरक्षण दिले. विदर्भातली अशी सुमारे ८६ हजार हेक्टर जमीन या वादात होती. वर्तमानपत्रांत त्यावर घरांचे, प्रकल्पांचे, झाडांचे पुष्कळ छापून आले. गाईचे आणि गायकीचे नाव मला त्यात अगदी थोडे दिसले.

मेलेल्या जनावराचे काय होई, हाही निगेचाच भाग आहे आणि तो आपण गाळतो. जिवंत गाय कोठ्यात ज्यांच्या घरी, मेलेली गाय ओढायला त्यांचा हात नसे. ते काम गावाने महारांवर लादले होते, आणि ते करतात म्हणून पुन्हा त्यांनाच विटाळ. १९२७ च्या महाड परिषदेत बाबासाहेबांनी मृत मांस सोडा असे निक्षून सांगितले. १४ ऑक्टोबर १९५६ ला, धंतोलीपासून फार लांब नसलेल्या मैदानावर, लाखोंनी धम्मदीक्षा घेतली. विदर्भातल्या गावोगावी ढोरे ओढण्याचे काम त्या पिढीने टाकून दिले. त्यासाठी बहिष्कार सोसले, मार खाल्ला. गावाला तेव्हा प्रथम कळले की जनावर ठेवण्यातला हा भाग कोणीतरी करत होते.

वर्ध्याला याच प्रश्नाला दुसऱ्या अंगाने हात घातला गेला. गोशाळेला जोडून दुग्धालय आणि चर्मालय असावे, मेलेल्या जनावराचे कातडे-हाड वाया जाऊ नये, तरच गाय परवडेल आणि वाचेल, असे गांधीजी सांगत. नालवाडीला गोपाळराव वाळुंजकरांनी चर्मालय चालवले, आणि ते ब्राह्मण असून कातडी सोलायला स्वतः बसले, याची त्या काळी मोठी चर्चा झाली. १९४१ साली जमनालाल बजाजांनी गोसेवा संघ काढला, गोपुरीत झोपडी बांधून राहिले आणि ११ फेब्रुवारी १९४२ ला वारले. गोसेवा म्हणजे हिशेब, पैदास, चारा आणि कातडे हा त्यांचा विचार मला आजच्या पुष्कळ भाषणांपेक्षा जास्त खरा वाटतो.

पुढचे आपल्या डोळ्यांदेखत झाले. ट्रॅक्टर आला. सोयाबीन आले, त्याच्या कुटाराला कडब्याची सर नाही. ज्वारी गेली. सालदार मिळेनात, आणि त्यांनी मिळावे तरी का? रात्री दोनला उठायची ती नोकरी कोणी मुलासाठी मागत नाही. राज्यात २०१२ साली सुमारे १ कोटी ५५ लाख गाय-बैल होते, २०१९ च्या पशुगणनेत ते १ कोटी ४० लाखांच्या आत आले. २०१५ पासून राज्यात बैलाच्याही कत्तलीला बंदी आहे. म्हातारा बैल विकता येत नाही, पोसता येत नाही. मग तो रस्त्यावर, शेजाऱ्याच्या शेतात, नाहीतर गोशाळेत. ३० सप्टेंबर २०२४ ला शासनाने देशी गाईला ‘राज्यमाता’ म्हटले आणि गोशाळांना दर देशी गाईमागे रोज ५० रुपये देण्याचे ठरवले. गोशाळांची गरज खरी आहे, त्यांच्याविषयी मी वाकडे बोलणार नाही. पण तीच गाय शेतकऱ्याच्या कोठ्यात असेल तर तिच्या नावाने ५० रुपये नाहीत, आणि तिला रानात नेणाऱ्या गायकीचा तर या हिशेबात रकानाच नाही.

गायकीचे काय झाले, तेही नागपूरनेच पाहिले आहे. अनुसूचित जमातींच्या यादीत ‘गोंड-गोवारी’ असे नाव आहे. गोवारी म्हणजे त्यातलेच का, यावर वर्षानुवर्षे दाखले अडले. गुरे राखण्याचे काम सुटत चालले होते, शेती नव्हती, पोरांना शाळा आणि नोकरी हवी होती. २३ नोव्हेंबर १९९४ ला, हिवाळी अधिवेशनाच्या वेळी, खेड्यापाड्यांतून हजारो गोवारी नागपुरात आले. सीताबर्डीजवळ मोर्चा अडवला गेला, लाठीमार झाला, चेंगराचेंगरी झाली. ११४ माणसे गेली, त्यांत बहुतेक बायका आणि लेकरे. पुढे १९९५ साली विशेष मागास प्रवर्गात समावेश झाला. २०१८ साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. झिरो माईलजवळ त्यांचे स्मारक आहे, सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला आदिवासी गोवारी शहीदांचे नाव आहे. धंतोलीहून सदरला जाणारे आपण पुष्कळजण त्या पुलावरून जातो.

काही गावांत अजून आखर भरते. गायकी आता दर महिन्याला दर जनावरामागे रोख घेतो, कारण धान्य द्यायला मालकाकडे स्वतःचे खळे राहिलेले नाही. ज्यांची गावाशी अजून ये-जा आहे त्यांनी एक काम करण्यासारखे आहे. तहसीलच्या किंवा जिल्ह्याच्या अभिलेख कक्षात आपल्या गावाचे वाजिब-उल-अर्ज आणि निस्तारपत्रक असते, त्याची नक्कल अर्ज करून मिळू शकते. आखर कुठे होते, पाणवठा कोणता, गुरांची वाट कोणत्या शेताच्या बांधावरून, चराईचे सर्वे नंबर कोणते, हे त्यात सापडते. ती नक्कल घेऊन गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या गायकीकडे बसावे. त्याला वाचता येत नसेल, तर आपण वाचून दाखवावे.